गादीखालचे अठरा शर्ट

माझं वजन चौऱ्याऐंशी किलो आहे. ही माहिती मी एरवी आपण होऊन कोणाला देत नाही. घरच्या वजनकाट्यावरसुद्धा मी आजूबाजूला कोणी नाही ना, हे बघून उभा राहतो. पण आता ती एका व्यावसायिक फुटबॉल क्लबाच्या नोंदवहीत निळ्या शाईनं लिहिली गेली आहे. आणि एकदा नोंदवहीत गेलेली गोष्ट नाकारायची नसते, एवढं मी अभिलेख खात्यात सव्वीस वर्षं काढून शिकलो आहे. तेव्हा ते वजन तिथं कसं जाऊन पोचलं, ते मीच सांगितलेलं बरं. आमच्या शेजारचे मास्तर सांगतात त्यात मी ब्याण्णव किलोचा होतो.

आमच्या कन्येला उन्हाळ्याच्या सुट्टीत या क्लबात दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण घरात ती ठकू. क्लब दुसऱ्या गावात, बसनं नऊ तासांवर. काम काय, तर खेळाडूंचे शर्ट, मोजे, बूट यांची व्यवस्था. त्याला तिकडे किट विभाग म्हणतात. हिनं, म्हणजे ठकूच्या आईनं, ते पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे धुणं का?" ठकू म्हणाली, धुणं नाही, व्यवस्थापन. ज्या मुलीनं एकवीस वर्षांत स्वतःचा ओला टॉवेल कधी दोरीवर टाकला नाही, ती परक्या माणसांच्या मोज्यांचं व्यवस्थापन करायला घर सोडून निघाली होती.

मी विरोध केला नाही. मी फक्त अट घातली. क्लबाकडून एकही लेखी तक्रार न येता दोन महिने पार पडले, तर तिनं खुशाल या खेळाच्या धंद्यात जावं, मी चकार शब्द काढणार नाही. तक्रार आली, तर मुकाट्यानं परत येऊन माझ्या खात्याच्या परीक्षेला बसायचं. ठकूनं ताबडतोब हो म्हटलं, त्यामुळे अट फार सोपी घातली की काय, अशी मला शंका आली. परीक्षेचा अर्ज मी आधीच आणून, तीन प्रतींत, सुवाच्य अक्षरात भरून ठेवला होता. फक्त अर्जदाराच्या सहीची जागा कोरी होती. तो अर्ज मी माझ्या खांद्याच्या पिशवीत, आतल्या कप्प्यात ठेवला. मुदत महिनाअखेरीची होती. खरं सांगायचं तर तक्रार यावी असंच मला वाटत होतं. मुलीचं वाईट व्हावं म्हणून नव्हे. संध्याकाळी घरी आल्यावर ती दिसावी म्हणून.

तिला पोचवायला मी जाणार हे ओघानंच आलं. रजेच्या अर्जात मी कारण लिहिलं, 'कन्येस पोचवणे'. साहेबांनी तो 'कोठे व का, पुराव्यासह' असा शेरा मारून परत पाठवला. मी क्लबाचं पत्र जोडलं. तो पुन्हा परत आला, कारण पत्रात कन्येचा उल्लेख होता, माझा नव्हता. अखेर ही माझीच कन्या असल्याचा दाखला मी माझ्याच विभागातून, माझ्याच सहीनं काढला आणि तो अर्जाला जोडला, तेव्हा तीन दिवसांची रजा मिळाली.

सामान मुळात एक बॅग होती. मग शेजारचे मास्तर सल्ला द्यायला आले. मास्तर निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि उभ्या आयुष्यात कधी गाव सोडून राहिलेले नाहीत, त्यामुळे या विषयावर त्यांची मतं फार ठाम आहेत. त्यांच्या मते परगावी राहणाऱ्याचं नायलॉनच्या दोरीवाचून पानही हलत नाही. त्यांनी स्वतःची पंधरा मीटर दोरी आणून दिली आणि ती परत हवी आहे, असंही सांगून ठेवलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कुलूप दिलं, त्याची किल्ली नंतर पाठवणार होत्या. आणि हिनं जाहीर केलं की परक्या माणसाच्या गादीवर माझी मुलगी झोपणार नाही. त्यामुळे एका बॅगेचे नऊ नग झाले, त्यातला नववा म्हणजे गादी. बसमध्ये ती टपावर बसेना, पोटात मावेना. वाहकानं तिचं तिकीट काढायला लावलं. तिकीट असल्यामुळे गादीला खिडकीजवळची जागा मिळाली आणि मी नऊ तास तिला धरून बसलो. ठकू चार ओळी पुढे, कानात गाणी घालून, आमची ओळख नसल्यासारखी बसली होती.

क्लबाच्या मैदानापासून दोन मिनिटांवर एका घरात वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. वर पत्रा, आत दोन खाटा, एक बोटभर रुंदीचं कपाट. दुसऱ्या खाटेवरची मुलगी पुढच्या आठवड्यात यायची होती. घरमालकीणबाईंनी आमच्यापुढे बावीस कलमांचा करार ठेवला. कलम नऊ, खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घालू नयेत. पाणी गळून खालच्या छताला ओल येते. कलम चौदा, पालकांचा मुक्काम एक रात्र, अधिक हवा असल्यास लेखी अर्ज. कोणतंही कलम मोडल्यास खोली त्याच दिवशी रिकामी. मी करार वाचून भारावून गेलो. अशी बाई आमच्या खात्यात असती, तर एकही फाईल हरवली नसती.

दुसऱ्या दिवशी मी निघणार होतो, पण नळ गळत होता. तिसऱ्या दिवशी कुलपाची किल्ली आली नव्हती. मी रोज सकाळी मालकीणबाईंना 'विषय : मुक्काम वाढवून मिळणेबाबत' असा अर्ज देत होतो आणि त्या रोज तो मंजूर करून एक प्रत मला परत देत होत्या. रजा वाढवण्याची तार ऑफिसात केली नाही इतकंच, फोन केला. पाचव्या दिवशी ठकूनं चहा पिता पिता विचारलं की बाबा, तुम्ही नक्की कधी जाणार आहात. सुरात राग नव्हता, पण नक्की या शब्दावर जरा जोर होता.

मी दिवसभर रिकामा होतो असं नाही. सकाळी तिच्यामागून तिचा डबा घेऊन मी क्लबाच्या फाटकावर जायचो. तिथला पहारेकरी वहीत नाव लिहून घेई. वहीत रकाने चारच होते : खेळाडू, पदाधिकारी, पुरवठादार, इतर. माझी नोंद रोज 'इतर' मध्ये होई. मी त्याला समजावून सांगितलं की मी पालक आहे, त्यावर त्यानं पालक म्हणजे इतरच असं सांगून माझं तोंड बंद केलं. मग मी किट खोलीबाहेरच्या बाकावर बसायचो. आत तीन दांडगी धुलाई यंत्रं घरघरत, भिंतीला नंबरवार खुंट्या, खाली बुटांच्या रांगा, आणि सगळ्यावर ओल्या गवताचा नि मलमाचा वास. या खोलीचे प्रमुख म्हणजे साठीचे एक किडकिडीत गृहस्थ. गळ्यात कायम मोजपट्टी. सगळा क्लब त्यांना मामा म्हणे. मामा दिवसाला वीस-एक शब्द बोलत आणि त्यातले दहा आकडे असत. ठकूनं मला बजावून ठेवलं होतं की इथं कोणासमोर मला ठकू म्हणायचं नाही. मी ते पाळत होतो. मी तिला तिथं काहीच म्हणत नव्हतो, नुसता खाकरत होतो.

तर सहावा दिवस. दुसऱ्या दिवशी परगावी सामना होता आणि संघाची बस संध्याकाळी पाच वाजता निघायची होती. नवे शर्ट कारखान्यातून उशिरा आले होते. त्यांच्या पाठीवर सकाळी गरम यंत्रात दाबून नंबर चिकटवले. हे नंबर रबरासारख्या कागदाचे असतात आणि ताजे असताना चार तास त्यांना कशाचाही स्पर्श होऊन चालत नाही. नेमकं त्याच वेळी एका धुलाई यंत्राचा पाइप फुटला आणि किट खोलीत घोट्याएवढं पाणी झालं. मामा ठकूला म्हणाले, तुझी खोली जवळ आहे, तिथं टांग. तिनं अठरा शर्ट हँगरवरून आणले, मास्तरांची दोरी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तीनदा फिरवली आणि सगळे शर्ट हात-हात अंतरावर टांगले.

जाताना तिनं मला बजावलं, "बाबा, चारपर्यंत यांना हात लावायचा नाही. आणि इस्त्री तर मुळीच नाही."

इस्त्रीचा उल्लेख मला लागला. माझ्या आयुष्यात मी फार पराक्रम गाजवलेले नाहीत, पण इस्त्रीत माझा हात धरणारा आमच्या इमारतीत नाही. हिनं लग्नानंतर आजवर इस्त्रीला स्पर्श केलेला नाही; मीच करू दिलेला नाही. बाहीवरची घडी मी अशी काढतो की ऑफिसात लोक तिच्यावरून नजर फिरवतात. आणि समोर अठरा शर्ट, एका नामवंत संघाचे, उद्या हजारो लोकांपुढे जाणारे, आणि प्रत्येकाला पेटीतल्या घड्यांच्या आडव्यातिडव्या चुण्या. मी डोळे मिटून घेतले. घरून सामानात आणलेल्या इस्त्रीकडे पाठ करून बसलो. माझा संयम त्या क्षणी कोणी पाहायला हवा होता.

एक वाजता खालून मालकीणबाईंचा आवाज आला. आठवड्याची पाहणी होती आणि त्या आधी शेजारची खोली बघणार होत्या. मी दोरीकडे बघितलं. कलम नऊ. शर्ट ओले नाहीत हा मुद्दा मी मांडू शकलो असतो, पण कलमात 'कपडे वाळत घालू नयेत' होतं आणि दोरीवर टांगलेला कपडा वाळत नाही हे सिद्ध करणं फार अवघड. खोली गेली तर ठकू राहणार कुठं? मी उठलो आणि शर्ट काढले; नुसत्या दोरीला कलमाची हरकत नव्हती. कपाटात चार मावले असते. बॅगेची किल्ली ठकूकडे. उरली गादी.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. शर्ट लपवणं हे एक कारण झालं. पण गादी उचलताना दुसराही विचार मनात आला. इस्त्री नसेल तेव्हा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पँटी गादीखाली ठेवल्या गेल्या आहेत. मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो ती पँट रात्रभर वडिलांच्या गादीखाली होती. इस्त्री करू नका म्हटलं होतं. गादीबद्दल एक अक्षर नव्हतं. मी शर्ट सपाट पसरले, कॉलरी एका रेषेत आणल्या, आणि नीट बसावेत म्हणून दोन-दोनच्या जोड्या केल्या, पाठीला पाठ लावून, आम्ही फायली ठेवतो तशा. वर गादी टाकली. गादी मध्ये किंचित फुगीर दिसत होती, म्हणून तिच्यावर आडवा झालो.

मालकीणबाई आल्या तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. पण त्या बाई कर्तव्यकठोर. झोपलेल्या माणसासमोर उभ्या राहून त्यांनी कलम एक ते बावीस वाचली आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली. वर पत्रा तापलेला, समोर एकसुरात कलमं. सातव्या कलमापर्यंतचं मला आठवतं.

जाग आली तेव्हा तीन वाजले होते आणि ठकू दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, रिकाम्या दोरीकडे बघत होती.

"शर्ट कुठे आहेत?"

मी उठून बसलो आणि हसून गादीवर थोपटलं.

तिनं गादी उचलली. चुणी एकाही शर्टाला नव्हती, हे मी आजही सांगेन. पण पहिली जोडी तिनं उचलली ती एकत्रच वर आली. तिनं हलक्या हातानं दोन्ही शर्ट वेगळे करायला घेतले, तेव्हा चर्र असा आवाज झाला. चार नंबरचा वरचा भाग अकरा नंबरच्या पाठीवर उलटा जाऊन बसला होता आणि अकरातला एक एक्का चाराकडे आला होता. दोन आणि नऊ मिळून एक असा आकडा तयार झाला होता, जो कोणत्याच गणितात नसतो. अठरांपैकी सहा शर्ट असे गेले, बाकीचे सुदैवानं सुटले.

ठकू ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही काही बोलता आलं असतं. ती खाली फरशीवर बसली, सहा शर्ट मांडीवर घेतले आणि म्हणाली, "मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती, बाबा." मग उठता उठता, "तुम्ही उद्या घरी जा."

आम्ही शर्ट उचलून क्लबाकडे निघालो. माझ्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत अर्ज होता, आणि महिना संपायला अजून नऊ दिवस होते. आता तक्रार येणार, अगदी लेखी येणार, आणि ठकू माझ्याबरोबर घरी येणार. मला काहीच करावं लागणार नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. हा विचार माझ्या मनात आला हे मी नाकारत नाही. आला तसा तो गेला नाही, हेही नाकारत नाही.

फाटकावर पहारेकऱ्यानं मला 'इतर' मध्ये लिहिलं. ठकू किट खोलीत गेली, मी बाहेर बाकावर बसलो. आत दोन खेळाडू पाय बाकावर घेऊन बूट घालत होते. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

तिनं शर्ट टेबलावर ठेवले. "मामा, अठरा शर्ट माझ्या ताब्यात होते. सहा खराब झालेत."

मामांनी एक उचलला, उजेडात धरला. "एकावर एक ठेवले?"

"हो."

"कोणी?"

तिनं वरच्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग म्हणाली, "मी."

ज्या मुलीनं लहानपणी फुटलेल्या प्रत्येक कपाचं खापर मांजरावर फोडलं, आणि आमच्याकडे मांजर नव्हतं, ती मुलगी तिथं ताठ उभी राहून माझा गुन्हा स्वतःच्या नावावर घेत होती. मला बसवेना. मी उठलो आणि थेट आत गेलो. घोट्याएवढं पाणी आहे हे विसरून बुटांसकट गेलो.

"ठकूची काही चूक नाही," मी म्हणालो. "तिनं सगळं नीट टांगलं होतं. मी काढले, मी गादीखाली घातले आणि मी त्यांच्यावर झोपलो."

बूट घालणाऱ्यांपैकी एकानं दुसऱ्याला हळूच विचारलं, "ठकू?" आणि तेव्हा मी दुसरं काय करून बसलो ते माझ्या लक्षात आलं. ठकूनं डोळे मिटून घेतले.

मामांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. शिंपी मापं घेताना बघतो तसं.

"वजन किती?"

"चौऱ्याऐंशी."

"झोप किती?"

"दीड तास."

त्यांनी कपाटावरून एक जाड वही काढली. किटच्या नुकसानीची नोंद तिच्यात असते. तारीख, वस्तू, कारण. मी उभ्या जागेवरून कारणांचा रकाना वाचला. फाटला. आटला. रंग उतरला. उंदीर. त्याखाली मामांनी सावकाश लिहिलं : 'वडील. ८४ किलो, दीड तास.' त्यांचं अक्षर वळणदार होतं. मला उंदराखाली जागा मिळाली, तीही कायमची.

मग ते ठकूकडे वळले. म्हणाले, किट दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचं नसतं, वडिलांच्याही नाही. तक्रार लिहायची झाली तर तुझ्याच नावावर लिहावी लागेल. ठकू म्हणाली, लिहा. मामांनी घड्याळ बघितलं. "पाचला बस. अठरा शर्ट बसमध्ये गेले तर तक्रार नाही. सतरा गेले तर आहे."

सव्वातीन झाले होते. नवे नंबर होते, दाबायचं यंत्र कोपऱ्यातल्या उंच ओट्यावर कोरडं, चालू होतं. अडचण होती ती जुने फाटके नंबर कापडाला इजा न करता काढायची. मामा म्हणाले, याला एका शर्टाला अर्धा तास लागतो. तेव्हा मी घसा साफ केला. अभिलेख खात्यात माझं निम्मं आयुष्य चुकीच्या नोंदींवर चिकटवलेल्या पट्ट्या खालचा कागद न फाडता सोडवण्यात गेलं आहे. उलट्या बाजूनं ऊब द्यायची, पातळ धातूची पट्टी कडेनं सरकवायची आणि घाई करायची नाही. या कामात मला आजवर कोणी शाबासकी दिलेली नाही, कारण ते नीट झालं तर झालेलं कळतच नाही.

मी हे सांगितलं. मामा विचारात पडले, मग त्यांनी टेबलाखालून एक वस्तू काढून माझ्यासमोर ठेवली. इस्त्री होती. मी ठकूकडे बघितलं.

"करा," ती म्हणाली. "पण मी सांगते तसं."

आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या तरी सांगण्यावरून इस्त्री केली. ती म्हणे आतून, मी आतून करी. ती म्हणे बास, मी उचली. मी नंबर सोडवी, ती नवा दाबी, मामा मोजपट्टी लावून कॉलरपासूनचं अंतर बघत आणि मान हलवत. एकदा मी बाहीवर घडी काढायला गेलो, तर तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. ती नजर तिच्या आईची होती. हात सटासट चालत होते आणि पायातले मोजे ओले होऊन थंडगार पडले होते. चार पंचेचाळीसला सहावा शर्ट झाला. फक्त अकरा नंबरच्या पाठीवर उलट्या चाराची पुसट सावली राहिली. मामा म्हणाले, अकरा नंबर बाकावरच बसतो.

आता शर्ट भरायचे. चार तास न थांबता भरायचे तर नंबरांमध्ये प्रत्येकी एक गुळगुळीत, जाड कागद घालावा लागतो. कागदाचा गठ्ठा पाण्यात भिजून लगदा झाला होता. वर्तमानपत्राची शाई लागते. ठकू इकडेतिकडे बघत होती. बाहेर बसचा भोंगा वाजला.

माझ्या पिशवीत अर्ज होता. सहा पानी, तीन प्रती. अठरा कागद. आमच्या खात्याबद्दल लोक काहीही बोलोत, आमच्या अर्जाचा कागद उत्कृष्ट असतो.

मी पिशवी उघडली आणि तो गठ्ठा काढून मामांच्या हातात दिला. ठकूची पाठ होती, ती बूट मोजत होती. मामांनी कागद बोटांत चोळून बघितला, मग त्यावरचं अक्षर वाचलं, अर्जदाराचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पहिला कागद पहिल्या शर्टात घातला.

पाचला दोन मिनिटं कमी असताना बस सुटली. किटसोबत ठकूही गेली. ती खिडकीतून हात करेल म्हणून मी फाटकाशी उभा होतो. तिनं हात केला नाही. बस हलेपर्यंत ती खिडकीला नाक लावून, ओठ हलवत, बसच्या पोटात चढणाऱ्या पिशव्या मोजत होती. मला फार बरं वाटलं आणि रडूही आलं. पहारेकऱ्यानं बाहेर जाण्याची नोंद करायला वही पुढे ओढली. मामा मागून म्हणाले, "इतर नको. पुरवठादार लिही. कागद दिलाय त्यांनी." पहारेकऱ्यानं आधीची नोंद खोडून सुधारली आणि खोडाखोडीवर माझी सही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसनं मी घरी आलो. गादी तिकडेच राहिली, दोरीही. मास्तर दोरी मागायला आले आणि सामना बघायला थांबले; वरच्या काकू किल्ली घेऊन आल्या. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला कोणाचा तरी पाय मुरगळला आणि अकरा नंबर मैदानात उतरला. कॅमेरा त्याच्या पाठीमागून गेला. मास्तर चष्मा पुसून म्हणाले, त्याच्या पाठीवर काहीतरी दिसतंय. मी म्हणालो, सावली असेल. हिनं माझ्याकडे बघितलं आणि नंतर स्वयंपाकघरात विचारलं, अर्जाचं काय झालं. कामाला आला, मी म्हणालो. तिनं ठकूच्या खोलीतला दिवा लावला, जरा वेळ उभी राहिली आणि परत बंद केला.

पंधरा दिवसांनी टपालानं एक पाकीट आलं. आत माझ्या अर्जाचं शेवटचं पान होतं, घडी न घालता पाठवलेलं. अर्जदाराच्या सहीच्या कोऱ्या जागेवर, अगदी चौकटीत, चार नंबरची उलटी छाप उमटली होती. सोबत ठकूची चिठ्ठी.

'बाबा, सही फक्त चारानं केली आहे, माझी धरू नये. तक्रार आलेली नाही. पुढच्या सामन्यांनाही मी एकटीच जाणार आहे. मामा म्हणतात कागद चांगल्या दर्जाचा आहे, अजून असेल तर पाठवा. तुमची ठकू (आता इथं सगळेच म्हणतात).'

कपाटात पुढच्या वर्षीच्या परीक्षेसाठी मी एक संच आणून ठेवला होता. तिला माहीत नव्हतं, हिलाही नव्हतं. तो मी काढला, एकेक पान सपाट केलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना रजिस्टर टपालानं क्लबाच्या पत्त्यावर पाठवून दिला. खिडकीतल्या कारकुनानं पाठवणाऱ्याचा हुद्दा विचारला. मी सांगितलं, पुरवठादार.